नापास झाल्याचे तरी कळू द्या

अमेरिकेच्या अण्वस्त्र तळांची ठरावीक काळाने कसून तपासणी होते. पहारे, कुलपे, नोंदवह्या, क्षेपणास्त्रे हाताळणाऱ्यांचे प्रशिक्षण, संकट आले तर ते काय करतील, हे सगळे पाहून शेवटी तळ पास की नापास ते ठरते. पाहणीचा तपशील कधीच जाहीर होत नव्हता आणि तो होऊही नये. पण अमुक तळ पास झाला, तमुक नापास झाला, एवढे मात्र अमेरिकी नागरिकाला वर्षानुवर्षे कळू शकत होते. २०१७ मध्ये पेंटॅगॉनने तेही बंद केले. असोसिएटेड प्रेसने त्या जुलैमध्ये ही बातमी दिली. लष्कराचे कारण असे, की आपल्या उणिवा शत्रूच्या हाती लागू नयेत.

हे कारण मला पटत नाही, आणि माझा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. अणुऊर्जा खात्याच्या केंद्रांत काय तपासले आणि त्यातून काय निघाले हे विचारायला मुंबईची माणसे न्यायालयात गेली, तेव्हा आपल्याकडेही हेच उत्तर मिळाले आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकले. अण्वस्त्रांच्या किंवा अण्वस्त्रांशी जोडलेल्या ठिकाणांच्या तपासणीत काय पाहिले, कसे पाहिले, कुठली वस्तू कुठे आहे, हे जरूर कुलपात राहू द्या. निकाल मात्र लोकांचा आहे, कारण धोका त्यांच्या अंगावर आहे.

निकाल बाहेर आले की काय घडते, हे अमेरिकी हवाई दलाच्या त्याआधीच्या दहा वर्षांत स्पष्ट दिसते. २९ ऑगस्ट २००७ रोजी नॉर्थ डकोटातल्या मायनॉट तळावर एका बी-५२ विमानाला सहा क्रूझ क्षेपणास्त्रे जोडली गेली. त्यांच्यातली अण्वस्त्रे आधी काढून ठेवायची होती. ती काढलेली नव्हती, आणि जोडणाऱ्यांनी, वाहून नेणाऱ्यांनी, विमान उडवणाऱ्यांनी कुणीच ते नीट पाहिले नाही. विमान रात्रभर धावपट्टीजवळ उभे राहिले, दुसऱ्या दिवशी अर्धा देश ओलांडून लुइझियानातल्या बार्क्सडेल तळावर उतरले. सुमारे ३६ तास सहा अण्वस्त्रे कुठे आहेत याचा पत्ता ती सांभाळणाऱ्यांनाच नव्हता. आतल्या माणसांनी पत्रकारांना सांगितले म्हणून हे बाहेर आले. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याच तळावरच्या त्याच तुकडीची तपासणी झाली. साऱ्या देशाचे लक्ष लागलेले असतानाही ती सुरक्षेत नापास झाली. पहाऱ्यावरचा एक जवान मोबाइलवर गेम खेळत होता.

याच सुमारास आणखी एक गोष्ट कळली. हेलिकॉप्टरच्या बॅटऱ्यांऐवजी अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांच्या अग्रभागाचे सुटे भाग चुकून तैवानला पाठवले गेले होते, आणि ते तिथे दीड वर्ष पडून होते. जून २००८ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी हवाई दलाचे मंत्री आणि हवाई दलप्रमुख या दोघांनाही घरी पाठवले. तरी रोग मुळातून गेला नाही. २०१३ मध्ये मायनॉटवरच्या १७ अधिकाऱ्यांना क्षेपणास्त्रांच्या कामावरून दूर करावे लागले. त्याच ऑगस्टमध्ये मॉन्टानातला माल्मस्ट्रॉम तळ तपासणीत नापास झाला. जानेवारी २०१४ मध्ये माल्मस्ट्रॉमवरच क्षेपणास्त्र अधिकाऱ्यांनी परीक्षेत सामूहिक कॉपी केल्याचे उघड झाले. मग तेव्हाचे संरक्षणमंत्री चक हेगल यांनी सगळ्या व्यवस्थेचा आढावा घ्यायला लावला, आणि त्या आढाव्यात एक तपशील निघाला जो मला अजून विसरता येत नाही. तीन राज्यांतल्या तीन तळांवर मिळून ४५० क्षेपणास्त्रे होती, आणि त्यांना अण्वस्त्र बसवायला लागणारा खास पाना-हत्यारांचा संच एकच होता. तो कुरिअरने या तळावरून त्या तळावर फिरत असे. तिथे काम करणाऱ्यांना हे वर्षानुवर्षे ठाऊक होते. वर कुणी विचारले नाही आणि खालून कुणी सांगितले नाही.

हे सगळे आज मराठीत लिहिता येते, कारण ते झाकून ठेवणे अशक्य झाले. नापास झाल्याची बातमी आली, पत्रकार मागे लागले, मंत्र्याला व्यासपीठावर उभे राहून उत्तर द्यावे लागले, हत्यारांसाठी पैसा मंजूर झाला. निकालाच्या बातमीवरून कुणी या तळांवर चालून गेल्याचे उदाहरण माझ्या वाचनात नाही. लष्कराच्या म्हणण्यातला खरा भाग एवढाच, की तळ नापास झाला आणि दुरुस्ती अजून व्हायची आहे, तो मधला काळ नाजूक असतो. त्यावर उपाय सोपा आहे. निकाल सहा महिन्यांनी जाहीर करा. सहा महिन्यांतही पहाऱ्यावरची उणीव भरून निघत नसेल, तर ते लोकांना कळणे जास्तच गरजेचे आहे.

झाकलेले किती काळ झाकलेले राहते, यासाठी गोल्ड्सबरोची नोंद पाहावी. २४ जानेवारी १९६१ रोजी नॉर्थ कॅरोलायनात गोल्ड्सबरो गावाजवळ एक बी-५२ हवेतच मोडले. आठपैकी तीन जण मेले आणि दोन हायड्रोजन बॉम्ब खाली आले. प्रत्येकाची ताकद हिरोशिमावरच्या बॉम्बच्या सुमारे अडीचशे पट. एकाचे पॅराशूट उघडले आणि स्फोटाच्या तयारीचे टप्पे एकामागून एक पार पडत गेले. पुढे सँडिया प्रयोगशाळेतले सुरक्षातज्ज्ञ पार्कर जोन्स यांनी १९६९ मध्ये या अपघाताची चिकित्सा करून लिहून ठेवले, की अमेरिका आणि महाभयंकर अनर्थ यांच्यामध्ये कमी व्होल्टेजचा एक साधा स्विच तेवढा उभा होता. हा कागद माहितीच्या कायद्याखाली मागणी करून मिळवला गेला आणि सप्टेंबर २०१३ मध्ये छापून आला. अपघातानंतर ५२ वर्षांनी. मधल्या काळात सरकार सांगत राहिले, की तसा काही धोका नव्हता. ज्यांच्या शेतात तो बॉम्ब पडला, त्यांची एक पिढी सरकारच्या त्या शब्दावर विश्वास ठेवून संपली. जोन्स यांचे टिपण १९६९ मध्ये, निदान १९७० च्या दशकात लोकांपुढे आले असते, तर जुन्या बॉम्बचे स्विच बदलण्याच्या कामाला लोकमताचा रेटा मिळाला असता असे मला वाटते.

उघड निकालाने सारे काही साधते, असा माझा दावा नाही. ७ मार्च २००३ रोजी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल-बरादेई यांनी सुरक्षा परिषदेच्या खुल्या बैठकीत सांगितले, की इराकने नायजरकडून युरेनियम मिळवू पाहिल्याचे कागद अस्सल नाहीत, आणि इराकने अण्वस्त्र कार्यक्रम पुन्हा सुरू केल्याचा पुरावा तपासनिसांना मिळालेला नाही. दोन आठवड्यांच्या आत युद्ध सुरू झाले. तपासणीचा निकाल जगासमोर वाचला गेला आणि तरी बॉम्ब पडले. पण निकाल उघड होता म्हणूनच पुढे बुश आणि ब्लेअर यांना त्यांच्या देशात जाब विचारता आला. तोच अहवाल बंद पाकिटात राहिला असता, तर ‘आम्हाला तेव्हा हेच सांगण्यात आले होते’ असे म्हणायला ते मोकळे राहिले असते.

आता आपल्याकडची गोष्ट. ती मुंबईतली आहे आणि तरी मुंबईतल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले. त्याचे कार्यालय अणुशक्तीनगरमध्ये आहे. १९९३ ते १९९६ या काळात डॉ. ए. गोपालकृष्णन त्याचे अध्यक्ष होते. त्याआधी थोडेच दिवस, ३१ मार्च १९९३ रोजी, उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली आणि केंद्राची सगळी वीज कित्येक तास गेली. मे १९९४ मध्ये कर्नाटकात कैगा इथे बांधकाम चालू असलेल्या अणुभट्टीचा घुमट कोसळला. त्या दिवशी अणुभट्टी चालू नव्हती हे आपले नशीब. अशा पार्श्वभूमीवर मंडळाने १९९५ मध्ये अणुऊर्जा खात्याच्या केंद्रांतल्या सुरक्षेच्या उणिवा एका दस्तऐवजात एकत्र केल्या. उणिवा होत्या १३०. त्यांतल्या ९५ तातडीने दूर करण्याच्या. दस्तऐवजावर गोपनीयतेचा शिक्का बसला.

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांची मागणी होती, की हा अहवाल लोकांना पाहू द्या. सरकारने १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याचे कलम १८ पुढे केले आणि कागद न दाखवण्याचा विशेषाधिकार सांगितला. उच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे मान्य केले. ६ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. माहितीचा हक्क हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे हे न्यायालयाने नाकारले नाही, पण देशाच्या सुरक्षेसाठी त्यावर मर्यादा येऊ शकते, असे म्हटले. विखंडनक्षम, म्हणजे ज्यापासून बॉम्ब बनू शकतो अशा, पदार्थाचे आणि वापरलेल्या इंधनाचे आकडे बाहेर गेले तर सामरिक तयारीवर शत्रूला नजर ठेवता येईल, हा मुद्दा त्यात महत्त्वाचा होता.

हा मुद्दा पोकळ नाही. ट्रॉम्बेतल्या सायरस आणि ध्रुव या संशोधन अणुभट्ट्या. सायरसमधल्या प्लुटोनियमवर १९७४ ची पोखरणची चाचणी झाली. अणुभट्टी किती दिवस चालली आणि किती शक्तीने चालली हे कळले, की त्यातून किती प्लुटोनियम निघाले असेल याचा हिशेब कुठल्याही जाणकाराला मांडता येतो. तपासणीच्या नोंदीत ‘अमुक महिने भट्टी बंद होती’ असे वाक्य असेल, तर तेवढ्या वाक्यानेही हिशेब अधिक नेमका होतो. म्हणून असे प्रत्येक वाक्य, प्रत्येक आकडा काळ्या शाईने झाकला, तर माझी तक्रार नाही. अण्वस्त्रे हवीत की नकोत हा वाद वेगळा. ती आहेत तोवर अशी काही माहिती गुप्त राहणार, हे मी मान्य करतो.

पण १३० च्या १३० उणिवा अशा होत्या का? संकटकाळी भट्टी थंड करणारी यंत्रणा जुनी झाली आहे, आग लागली तर केबल वाचणार नाहीत, कामगारांच्या किरणोत्साराच्या मात्रेची नोंद नीट ठेवली जात नाही, अशा प्रकारच्या त्रुटी सांगितल्याने शत्रूला बॉम्बची संख्या कळत नाही. आणि काळही बदलला. सायरस ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची बंद झाली. अमेरिकेशी झालेल्या अणुकरारानंतर लष्करी आणि नागरी केंद्रे वेगळी करण्यात आली, आणि नरोराच्या भट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीखाली आल्या. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या तर तशा तपासणीखाली सुरुवातीपासूनच होत्या, १९९५ मध्येही. तिथे येणारे तपासनीस इंधनाचा हिशेब पाहतात, सुरक्षेच्या त्रुटी पाहत नाहीत, हे खरे. पण ज्या इंधनाच्या आकड्यांसाठी एवढी गुप्तता सांगितली गेली, नेमके तेच आकडे व्हिएन्नाहून आलेला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा माणूस पाहून जातो. पालघर जिल्ह्यातल्या माणसाने मात्र आपल्या शेजारच्या भट्टीतली तीस वर्षांपूर्वीची उणीवही वाचायची नाही. याला सुरक्षेचे कारण देता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला त्यानंतरच्या वर्षी, २००५ मध्ये, देशाला माहिती अधिकाराचा कायदा मिळाला. महाराष्ट्राने आपला कायदा त्याआधीच केला होता, आणि त्यासाठी राळेगणसिद्धीपासून मंत्रालयापर्यंत लोक झटले होते. केंद्राच्या कायद्याचे कलम १० सांगते, की कागदातला काही भाग गोपनीय असेल तर तेवढा वगळून बाकीचा द्या. कलम ८(२) सांगते, की जनहित मोठे असेल तर गोपनीयतेचा कायदाही आड येत नाही. वीस वर्षांहून जुन्या घटनांची माहिती देण्याची तरतूद कलम ८(३) मध्ये आहे, पण देशाच्या सुरक्षेचे आणि सामरिक हिताचे अपवाद तिथेही शिल्लक ठेवले आहेत. म्हणजे जुना कागद आपोआप उघडणार नाही. पण ‘सगळाच कागद द्यायचा नाही’ हे उत्तर कलम १० नंतर टिकता कामा नये. हा प्रश्न न्यायालयात नव्याने, नव्या कायद्याच्या आधारे मांडला जायला हवा असे मला ठामपणे वाटते.

न्यायालयात हे प्रकरण चालू असतानाच, २००० मध्ये, आणखी एक निर्णय झाला. भाभा अणुसंशोधन केंद्राची केंद्रे नियामक मंडळाच्या कक्षेतून काढून घेण्यात आली, आणि त्यांच्या सुरक्षेवर देखरेख करण्याचे काम भाभा केंद्राच्याच अंतर्गत समितीकडे गेले. पोखरणच्या दुसऱ्या चाचण्यांना तेव्हा दोन वर्षे झाली होती. सामरिक कामात बाहेरचा माणूस नको, हा विचार समजू शकतो. पण ज्याने उत्तरपत्रिका लिहिली त्यालाच ती तपासायला दिली, तर गुण कितीही आले तरी त्यांना अर्थ राहत नाही. गोपालकृष्णन यांनी तेव्हाच जाहीरपणे या निर्णयाविरुद्ध आवाज उठवला होता.

त्यानंतर तीन वर्षांनी तमिळनाडूतल्या कल्पाक्कमचा प्रकार घडला. तिथला पुनर्प्रक्रिया प्रकल्प, म्हणजे वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढणारा कारखाना, भाभा केंद्राच्या अखत्यारीतला, म्हणजे नियामक मंडळाच्या कक्षेबाहेरचा. जानेवारी २००३ मध्ये तिथल्या सहा कामगारांवर किरणोत्साराचा मोठा मारा झाला. झडप गळत होती, आणि त्या जागी धोक्याची सूचना देणारी यंत्रणा नव्हती. कामगार संघटनेने आवाज उठवला, आंदोलन झाले, आणि अधिकृत कबुली काही महिन्यांनी आली. त्या कबुलीने देशाचे कुठले सामरिक गुपित फुटले? त्या सहा जणांना आणि त्यांच्या सोबत्यांना मात्र आपण कसल्या जागी काम करत होतो ते कळले. अण्वस्त्रांच्या गुप्ततेची चर्चा आपण नेहमी शत्रूच्या बाजूने करतो. कुंपणाच्या आत पाळीला जाणारा कंत्राटी कामगार त्या चर्चेत येतच नाही.

तपासणी करून ती छापता येते, हे आपल्याच देशात सिद्ध झाले आहे. फुकुशिमानंतर, २०१२ मध्ये, भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी नियामक मंडळाच्या कारभाराचा अहवाल संसदेत ठेवला. मंडळाला पुरेशी स्वायत्तता नाही, सुरक्षेचे राष्ट्रीय धोरणच बनलेले नाही, नियम मोडणाऱ्याला होणारा दंड जास्तीत जास्त ५०० रुपये आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. लोकलेखा समितीने त्यावर चर्चा केली. अहवाल आजही कुणालाही वाचता येतो. त्याआधी २०११ मध्ये स्वतंत्र नियामक प्राधिकरणाचे विधेयक आले होते, ते २०१४ मध्ये लोकसभेबरोबर बुडाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ नावाचा नवा कायदा मंजूर केला. नियामक मंडळाला त्याने वैधानिक दर्जा दिला आणि खासगी कंपन्यांना अणुवीज क्षेत्राचे दार उघडले. माहिती गोपनीय ठरवण्याचा सरकारचा अधिकार मात्र त्यातही शाबूत आहे. खासगी कंपनीच्या भट्टीतली त्रुटीही उद्या राष्ट्रीय गुपित ठरणार असेल, तर तो अधिकार कुणाचे रक्षण करतो हे विचारावेच लागेल.

उणिवा उघड केल्या तर लोक घाबरतील, प्रकल्पांना विरोध वाढेल, असे अधिकारी खासगीत आणि कधी कधी जाहीरपणेही म्हणतात. मला याच्या उलट दिसते. जैतापूरचे आंदोलन आठवा. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे गावात पोलिसांच्या गोळीने एका मच्छीमाराचा जीव गेला. माडबन आणि साखरी नाटे या गावांतल्या लोकांना शास्त्रज्ञ येऊन सांगत होते, की आमच्या केंद्रांची सुरक्षा उत्तम आहे. लोक विचारत होते, कशावरून? त्या प्रश्नाला देण्यासारखा एकही तपासणीचा कागद सरकारच्या हातात नव्हता, कारण होते ते कागद त्याने न्यायालयात विशेषाधिकार सांगून बंद करून घेतले होते. ‘तारापुरात या इतक्या उणिवा निघाल्या, या इतक्या भरून काढल्या, या इतक्या बाकी आहेत’ असे सांगणाऱ्या अधिकाऱ्यावर कोकणातला माणूस कदाचित विश्वास ठेवेल. ‘सगळे ठीक आहे’ म्हणणाऱ्यावर तो ठेवणार नाही, आणि त्याने का ठेवावा?

मला हवे आहे ते असे. प्रत्येक अणुकेंद्राच्या, सामरिक असो वा नागरी, सुरक्षा तपासणीचा निकाल वर्षातून एकदा जाहीर व्हावा. किती गंभीर उणिवा निघाल्या, मागच्या किती शिल्लक आहेत, एवढे आकडे त्यात असावेत. केंद्राचे नाव सांगणे खरोखरच धोक्याचे असेल तर नाव वगळावे, आकडा वगळू नये. पूर्ण अहवाल बंद दाराआड संसदेच्या एका समितीसमोर जावा, आणि त्या समितीत विरोधी पक्षाचे खासदार असावेत. बंद पडलेल्या भट्ट्यांच्या सुरक्षा नोंदी, इंधनाचे आकडे वगळून, खुल्या कराव्यात. सायरसपासून सुरुवात करावी. आणि भाभा केंद्राच्या सुरक्षेची देखरेख केंद्राबाहेरच्या, गोपनीयतेची शपथ घेतलेल्या तज्ज्ञांकडे द्यावी.

हे सगळे होईपर्यंत थांबायची गरज नाही. १९९५ च्या दस्तऐवजाबद्दल माहिती अधिकारात अर्ज करताना तो अख्खा कागद मागू नये, त्याचे उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे. विचारावे एवढेच, की १३० पैकी किती उणिवा दूर झाल्या, शेवटची कोणत्या वर्षी झाली, आणि आज किती उरल्या आहेत. यात ना भट्टीचा आराखडा आहे, ना प्लुटोनियमचे वजन, ना पहाऱ्याच्या वेळा. अर्ज नाकारला गेला, तर कलम १० चा उल्लेख करून अपील करावे आणि माहिती आयोगाला लेखी कारण द्यायला लावावे. चेंबूर, मानखुर्द, तारापूर, बोईसर इथल्या रहिवासी संघटनांनी हा अर्ज एकेकट्याने न करता एकत्र करावा, आणि मिळेल ते उत्तर, नकार असला तरी, शब्दशः छापावे.